कॅलेंडरातल्या बाईसाहेब

रोग्याचा विश्वास हेच डॉक्टरचं पहिलं आणि शेवटचं औषध होय, असं डॉक्टर निसळांच्या एका प्राध्यापकांनी निरोपाच्या व्याख्यानात सांगितलं होतं. पुढे ते प्राध्यापक स्वतः आजारी पडले तेव्हा गुपचूप एका हकिमाकडे जात असत, ही गोष्ट निसळांना फार उशिरा कळली. तोवर त्यांनी नगरकडच्या कर्जतला दवाखाना घातला होता, पाटी रंगवून टांगली होती आणि विश्वासाबद्दलचं मत बदलण्यात काही अर्थ उरला नव्हता. ते व्याख्यान आज इतक्या वर्षांनी आठवायला कारण एवढंच घडलं, की समोरच्या स्टुलावर बसलेल्या राहीबाईने पाठ, कंबर, झोप यांतलं काहीएक न सांगता भिंतीकडे बोट केलं आणि म्हटलं, "डाक्तरसाहेब, तुमी बाईसाहेबास्नी दिली ना, तीच गोळी मला द्या."

भिंतीवर औषध कंपनीचं १९७३चं कॅलेंडर होतं. महिने खाली बारीक अक्षरांत, कारण वरची जागा दोन चित्रांनी घेतली होती. डावीकडच्या चित्रात एक गोरी बाई कपाळाला हात लावून बसली होती. अंबाडा सुटलेला, मागे काळोख. उजवीकडे तीच बाई उभी राहून हसत होती. केस नीट, साडी इस्त्रीची, मागे एक पांढरंशुभ्र उंच कपाट. मधोमध बाण. बाणावर गोळीचं नाव, लेनोसिल. खाली लिहिलं होतं, 'आधुनिक जीवनातील ताणावर', आणि त्याच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे'.

"कुठल्या बाईसाहेब?" निसळांनी विचारलं.

"आता कुठल्या म्हंजी! तुमच्याच की. पुन्याला असत्यात त्या." राहीबाईने पदर सारखा केला. ओळखीच्या घरातल्या बाईविषयी बोलताना येतो तसा तिचा आवाज मऊ झाला. "आदी अशा हुत्या," तिने डावीकडे बोट दाखवलं, "आन् मंग अशा झाल्या. लई बरं झालं बगा. आमी कामावर बाया म्हनतो, डाक्तरनी सोताच्या घरात दिल्याली गोळी हाय, ती काय खोटी आसंल व्हय?"

'ती माझी बायको नाही.' एवढंच म्हणायचं होतं. निसळांनी ते वाक्य मनात जुळवलं, जिभेवर आणलं आणि तिथे ते अडलं, कारण त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येणार हे त्यांना दिसत होतं. मग तुमची बायको कुठली? ती कुठं असते, कशी असते, कधी यायची? या प्रश्नांच्या वाटेने किती लांब जावं लागेल याचा अंदाज घेऊन ते माघारी वळले. "हो," ते म्हणाले. "आता बऱ्या आहेत त्या." आणि चिठ्ठीवर लेनोसिल लिहिलं. राहीबाई चिठ्ठी घेऊन, कॅलेंडराकडे पुन्हा एकदा समाधानाने पाहून निघून गेली. निसळांच्या लक्षात आलं, की कुणीतरी आपल्या बायकोची चौकशी केली याचं आपल्याला बरं वाटलं आहे. बायको दुसरीच होती, ही त्यातली किरकोळ अडचण.

त्यांची खरी बायको, शरयू, पुण्याला गेली ती मुलाच्या कॉलेजसाठी. खोली घेतली, स्टोव्ह घेतला, दोन वर्षांचाच प्रश्न होता. मुलगा पास झाला, नोकरीसाठी भोपाळला गेला, आणि शरयू खोलीत राहिली. चांगली खोली आहे, सोडवत नाही, असं तिने पत्रात लिहिलं होतं. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर निसळांना लोकांना सांगायला काहीतरी मिळालं असतं, निदान स्वतःला तरी. गावातले लोक सुरुवातीला वहिनी कधी येणार म्हणून विचारत, मग फक्त दिवाळीला विचारू लागले, मग गेलेल्या माणसाबद्दल विचारत नाहीत तसे विचारेनासे झाले. शरयू त्या कॅलेंडरातल्या बाईसारखी मुळीच नव्हती. सावळी, ठेंगणी, आणि कपाळाला हात लावून बसलेली त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती. तिला त्रास झाला की ती तांदूळ निवडायला बसे. निवडलेलेच तांदूळ पुन्हा सुपात घेई, आणि नसलेला खडा शोधत राही. आत सुपाचा आवाज आणि बाहेर रोग्यांचं कण्हणं, अशी कितीतरी वर्षं गेली, आणि आतल्या आवाजाला काही औषध असावं असं निसळांच्या डोक्यात कधी आलं नाही. तिची दोन चित्रं काढायची म्हटलं तर कुणालाही जमलं नसतं. एकच निघालं असतं, आणि बाण कुठे काढायचा हा प्रश्न पडला असता.

कंपाउंडर श्रीमंत हा नावाने श्रीमंत आणि वाचनाचा हौशी होता. दवाखान्यात थांबलेल्या बायकांना तो कॅलेंडर मोठ्याने वाचून दाखवतो हे निसळांना माहीत होतं. त्यांनी त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. आता ते आतल्या खोलीतून कान देऊन ऐकू लागले. बाजाराच्या दिवशी बाहेरच्या बाकावर पाझर तलावाच्या कामावरच्या बायका दाटीवाटीने बसत. पाऊस नव्हता, शेतात काही नव्हतं, सगळं पंचक्रोशीतलं मनुष्यबळ सरकारने खडी फोडायला बसवलं होतं. श्रीमंत पोथी लावल्यासारखा आवाज काढून वाचायचा, "सकाळी उठल्यावर प्रसन्न वाटत नाही? लहानसहान गोष्टींनी मन उदास होते?"

"प्रसन्न म्हंजी रं काय, शिरमंता?" कुणीतरी विचारायचं.

"म्हंजी देवावानी."

"न्हाई गं बाई. तसं न्हाईच वाटत."

"मलाबी न्हाई."

"आन् ते पांढरं कपाट कशाचं?" हा आवाज कडूबाईचा, सगळ्यांत म्हातारी, आणि औषध कधीच न घेता नुसती इतरांबरोबर येणारी.

"त्याला फ्रीज म्हनत्यात. त्यात पानी गार ऱ्हातं. दिवसभर."

"घरात गार पान्याचं कपाट?" कडूबाई म्हणाली. "मंग गोळीशिवायबी बरी झाली असती की रांड."

बायका हसल्या आणि गप्प झाल्या. बहुतेक पाण्याचा विचार करत असाव्यात. निसळही आत बसून हसले. मग त्यांना वाटलं, या म्हातारीने जे एका वाक्यात सांगितलं ते आपण सकाळपासून अकरा चिठ्ठ्यांवर लिहायचं टाळलं आहे. पूर्वी या बायका 'अंग मोडून आलंय', 'हातापायाचं पानी झालंय' असं सांगत, आणि त्यावर निसळ गोळी कमी आणि विश्रांती जास्त सांगत. विश्रांती कुणाला मिळत नसे, पण सांगितल्याचं समाधान असे. आता त्या येऊन 'प्रसन्न वाटत न्हाई' म्हणत. इतका नेमका रोग सांगणाऱ्या माणसाला नुसतं परत कसं पाठवायचं?

कॅलेंडर चंद्रात्र्यांनी आणलं होतं. चंद्रात्रे हे कंपनीचे प्रतिनिधी. पस्तिशीचे, बारीक, टेरिलीनचा शर्ट. स्टँडवर उतरल्यावर टाय बांधायचे आणि परत गाडीत चढण्याआधी सोडून खिशात ठेवायचे. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ते सकाळच्या गाडीने नगरहून यायचे, सरकारी दवाखाना आणि दोन-तीन दुकानं उरकून उन्हाच्या वेळी निसळांकडे टेकायचे. बाकीच्या कंपन्यांची माणसं मोटरसायकलवर येत, स्टुलावर अर्धं बसून बोलत आणि धुरळा उडवत जात. चंद्रात्रे राहायचे. डबा निसळांकडेच उघडायचे, चहा दोनदा घ्यायचे, आणि मध्ये तपासणीच्या टेबलावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन चक्क झोपायचे. निसळ त्या वेळी पंख्याचा रोख त्यांच्याकडे करून खुर्चीत बसून राहत. दुसऱ्या माणसाचा झोपेतला श्वास ऐकणं ही किती साधी गोष्ट असते, आणि ती महिन्यातून एकदाच वाट्याला आली की तिचा सण होतो. माणूस ज्याच्याकडे निर्धास्त झोपतो तिथे त्याचं काहीतरी असतं, असा निसळांचा हिशेब होता.

चंद्रात्र्यांना औषधाची माहिती इंग्रजीत पाठ होती, आणि ती 'गुड मॉर्निंग डॉक्टर'ने सुरू व्हायची, मग घड्याळात काही वाजलेले असोत. हातातल्या गुळगुळीत पुठ्ठ्यावर बोट ठेवत ते सांगायचे: कोपनहेगनच्या चाचणीत सत्त्याऐंशी टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा. मन शांत, पण बुद्धी जागी. दिवसा झोप येत नाही. पहिल्याच भेटीत निसळांनी मध्ये विचारलं होतं, "आणि उरलेल्या तेरांचं काय झालं?" चंद्रात्रे थांबले. त्यांचा चेहरा सनावळी विसरलेल्या मुलासारखा झाला, आणि मग त्यांनी पुठ्ठा पुन्हा पहिल्या पानावर आणून 'गुड मॉर्निंग डॉक्टर'पासून सुरुवात केली. मधून पुढे जाता येत नव्हतं त्यांना. हे कळल्यावर निसळ दर भेटीत एखादी तरी शंका काढायचे. उत्तर नको असायचं. तेवढाच वेळ मिळायचा.

आणि शेवटी चंद्रात्रे पुठ्ठा मिटून मराठीत विचारायचे, "सर, आपला अनुभव काय?" निसळांना सर म्हणणारा कर्जतमध्ये दुसरा माणूस नव्हता. त्यांची पदवी जुनी, आता कुणी देतही नाही अशी. नगरचे नवे एम.डी. झालेले डॉक्टर तिचं नाव ऐकून आजोबांचा चष्मा पाहावा तसे पाहत. अनुभव तर कुणीच विचारला नव्हता. ना शरयूने, ना मुलाने. पहिल्या वेळी निसळांना अनुभव नव्हताच, कारण गोळी त्यांनी कुणाला दिलीच नव्हती. पण इतक्या आदराने विचारलेल्या प्रश्नाला 'काही नाही' म्हणणं बरं दिसेना. "चांगला आहे," ते म्हणाले. "विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये." चंद्रात्र्यांनी मान डोलावली, जणू त्यांना हीच शंका होती. त्यानंतर निसळ लेनोसिल लिहू लागले. कंपनी आपल्या माणसाला उगाच गावोगाव फिरवत नाही, एवढं त्यांना कळत होतं. चिठ्ठ्या थांबल्या तर चंद्रात्रे थांबतील. मग दुसरा बुधवार हा नुसता बुधवार होईल. इतकं सरळ होतं ते. इतकं सरळ, की निसळांनी ते स्वतःशी या शब्दांत कधी म्हटलं नाही. स्वतःशी ते कोपनहेगनचं नाव घेत.

मार्चमध्ये श्रीगोंद्याला एका लग्नात साखर कारखान्याचे डॉक्टर त्यांच्या शेजारी जेवायला बसले. जिलबी मोडत ते म्हणाले, "लेनोसिल वापरता की नाही? मी हल्ली भरपूर देतो. कंपनीचा माणूस सांगत होता, कर्जतकडे कुणा मोठ्या डॉक्टरला फार गुण दिसलाय. खेड्यातल्या बायकांत विशेषकरून." निसळांचा घास हातात राहिला. मोठा डॉक्टर. काही क्षण त्यांना त्या माणसाचा खरंच हेवा वाटला. मग उमगलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आता म्हणावं, की अहो, तो मीच, आणि मला अनुभव नव्हता? पंगतीत वाढप्या मठ्ठा घेऊन उभा होता. "हो, ऐकलंय मी," निसळ म्हणाले. घरी परतताना गाडीत त्यांना एक विचित्र धीर आला. आपण सहज बोललेलं वाक्य श्रीगोंद्यापर्यंत जाऊन, तिथल्या माणसाच्या अनुभवाची भर घालून परत आलं होतं. म्हणजे त्यात काहीतरी असलं पाहिजे. माणूस स्वतःचं खोटं ओळखतो. पण दुसऱ्याच्या तोंडून आलेलं, जिलबीबरोबर आलेलं, ते खोटं कसं म्हणायचं?

नमुन्याच्या गोळ्या कपाटात साचल्या होत्या. त्यांतली एक निसळ स्वतः घेत असत, संध्याकाळी, दिवा लावायच्या सुमारास, कारण दिवसाचा तोच भाग त्यांना जड जायचा. गोळीने मन शांत व्हायचं असं नाही. मन होतं तिथेच असायचं, फक्त त्यावर कुणीतरी रजई टाकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत पेंगत. हे उन्हाने होतं, असं त्यांनी ठरवलं होतं. पुठ्ठ्यावर तर दिवसा झोप येत नाही असं स्पष्ट छापलं होतं. चंद्रात्र्यांना विचारलं तेव्हा तेही म्हणाले, "उन्हानेच सर." कोपनहेगनला एप्रिल-मे नसतो, हे दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि दोघेही बोलले नाहीत. प्रसन्न काही वाटत नव्हतं. तेव्हा निसळांना त्या उरलेल्या तेरा टक्क्यांची पुन्हा आठवण व्हायची. ते एका बर्फाळ शहरात, एका लांब बाकावर, ओव्हरकोट घालून ओळीने बसलेले त्यांना दिसायचे. बाकीचे सत्त्याऐंशी हसत घरी गेलेले. हे तेरा कुणाकडेच तक्रार न करता बसून. त्यांच्यात सरकून बसायला जागा आहे का, असं ते पाहत.

एप्रिलच्या शेवटी राहीबाई आली ती हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळून. बरोबर कडूबाई. चिंधी सोडली तर डाव्या हाताचा अंगठा चेचला होता. नख जागेवर नव्हतं. निसळांनी धुऊन, टाके घालून बांधलं. राहीबाई कण्हली नाही. ती टाक्यांकडेसुद्धा दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहत होती, आणि ते पाहणं निसळांच्या चांगलं ओळखीचं होतं.

"कसं झालं?"

"हातुडा," ती म्हणाली. "वर गेल्याला ठावं हाय. खाली आल्याला ठावं न्हाई."

"झोप लागली होती?"

"बसल्या जागी डुलत हुती सकाळच्यापास्नं," कडूबाई म्हणाली. "म्या दोनदा हाक मारली. आता मुकादमानं नाव काढलं हजेरीतनं. म्हनतो, एका हातानं खडी फुटत न्हाई. घरात चार तोंडं हायेत, ती काय अंगठा चोखत बसत्याल?"

"गोळी बंद करा," निसळ म्हणाले.

"नगं," राहीबाई एकदम म्हणाली. आल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदाच जागा झाला. "गोळी चांगली हाय, डाक्तरसाहेब. गोळीला नावं ठिवू नका. बाईसाहेबास्नी गुण आलाच की. मला न्हाई येत, तर माझ्यातच काईतरी खोट आसंल."

निसळ पट्टीचं टोक हातात धरून उभे राहिले. हे वाक्य त्यांचं होतं. जसंच्या तसं, फक्त शब्द तिचे. संध्याकाळच्या अंधारात, रजईखाली ते रोज हेच म्हणत होते, आणि ते आपलं एकट्याचं, खासगी, जवळजवळ मौल्यवान असं काहीतरी आहे अशी त्यांची समजूत होती. ते त्यांनी हिला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्या तेरांच्या बाकावर तिच्यासाठी चौदावी जागा केली होती.

"ती माझी बायको नाही," ते म्हणाले.

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाहेर श्रीमंतचा वाचण्याचा आवाज थांबला.

"मंग कोन हाय?" कडूबाईने विचारलं.

"कुणी नाही. पैसे देऊन काढलेला फोटो आहे. औषध विकण्यासाठी."

"म्हंजी ती आजारी न्हवती?"

"नव्हती."

"आन् बरी झाली ती?"

"तेही नाही."

कडूबाईने कॅलेंडराकडे एक नजर टाकली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "म्या म्हनलं हुतं," ती राहीबाईला म्हणाली. "कपाट बगूनच म्हनलं हुतं." राहीबाई मात्र अजून चित्रातल्या डाव्या बाईकडेच पाहत होती, ओळखीचं कुणीतरी गेल्याचं कळल्यासारखी. मग ती निसळांकडे वळली.

"मंग तुमच्या बाईसाहेब कुठं हायेत?"

"पुण्यालाच."

"बऱ्या हायेत?"

शरयूचं शेवटचं पत्र दिवाळीचं. त्यात रॉकेल मिळत नाही असं लिहिलं होतं, आणि शेवटी 'बाकी ठीक'. "माहीत नाही," ते म्हणाले. इतक्या वर्षांत रोग्यासमोर हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले होते. राहीबाईने मान हलवली. निघताना तिने, बऱ्या हाताने, स्टूल उचलून होतं तिथे भिंतीशी ठेवलं. आजाऱ्याच्या घरातून निघताना बायका काहीतरी उगाच आवरतात, तसं.

त्यांनी तिला मुकादमासाठी चिठ्ठी दिली होती: हलकं काम द्यावं. तिसऱ्या दिवशी श्रीमंतने सांगितलं, की राहीबाई चिठ्ठी घेऊन सवयीने थेट औषधाच्या दुकानात गेली, आणि दुकानदाराने, डॉक्टर निसळांची चिठ्ठी आणि खडीवरची बाई म्हटल्यावर, न वाचताच लेनोसिलचं पाकीट काढून दिलं. ते घेऊन ती मुकादमाकडे गेली होती. निसळांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि तलावाच्या कामावर चालत गेले. वाटेत त्यांना कळलं, की आपण कित्येक महिन्यांत घर आणि दवाखाना यांच्याबाहेर असे पायी आलो नाही. शेकडो हातोड्यांचा आवाज येत होता, एका तालात नव्हे, हजार घड्याळं वेगवेगळी लावल्यासारखा. मुकादम सहादेव बाभळीखाली बसला होता. "साहेब, तुमी कशाला तरास घेतला," तो उठून म्हणाला, "चिठ्ठी द्यायची की." निसळांनी त्याला तोंडी सांगितलं. राहीबाईला पाणी वाटायच्या कामावर घेतलं गेलं. डेरा तिच्याने एका हाताने उचलवत नव्हता, तेव्हा उचलायला कडूबाई लागायची. पण हजेरी पडत होती. परत फिरताना राहीबाईने त्यांना तांब्याभर पाणी दिलं. कोमट होतं. निसळ ते उभ्याने सगळं प्याले.

मग मेचा दुसरा बुधवार आला. बोलायची वाक्यं निसळांनी परीक्षेसारखी पाठ केली होती, आणि मध्ये कुणी अडवलं तर आपल्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल हे त्यांना समजत होतं. चंद्रात्रे आले, टाय सैल करून बसले, डबा उघडला. बटाट्याची भाजी होती. निसळांनी भिंतीकडे पाहून विचारलं, "ही बाई कोण हो?"

"मॉडेल असेल सर, मुंबईची. गेल्या वर्षी लोणच्याच्या जाहिरातीत होती."

"चंद्रात्रे," निसळ म्हणाले, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाले, "चंद्रात्रे, मी लेनोसिल यापुढे लिहिणार नाही. झोप येते. दिवसा येते. एका बाईचा अंगठा गेलाय. उन्हाने नाही. आणि ग्रामीण स्त्रियांबद्दल मी जे म्हटलं होतं, ते त्या वेळी मला काही माहीत नव्हतं. ते तुम्ही कुणाला सांगू नका. तुम्हाला याचा त्रास होईल, मला कळतंय. इथे येऊन मग तुम्हाला काही उपयोग नाही, तेही कळतंय." एवढं बोलून त्यांनी टेबलाची कड धरली. जे जायचं ते आता जाणार होतं. महिन्यातला एक दिवस. पंख्याखाली झोपलेल्या माणसाचा श्वास. सर.

चंद्रात्र्यांनी भाजीतला बटाटा पोळीत धरला. "हरकत नाही सर," ते म्हणाले.

"हरकत नाही?"

"लेनोसिल तसं बंदच होतंय. नवीन येतंय जुलैत. तेच आहे, ब जीवनसत्त्व घातलंय." त्यांनी घास गिळला. "आणि कर्जतचा खप कंपनी वेगळा धरत नाही सर. सगळा नगरच्या एजंटाच्या आकड्यात जातो. तुम्ही लिहिलं काय, न लिहिलं काय, मला कळायची सोय नाही."

राहीबाईचा अंगठा, श्रीगोंद्याची जिलबी, कोपनहेगनचा बाक, सगळं निसळांसमोर एका रांगेत उभं राहिलं आणि त्याच्या टोकाला हा माणूस पोळीचा तुकडा मोडत होता. "मग तुम्ही दर महिन्याला माझ्याकडे येता," त्यांनी विचारलं, "इतका वेळ थांबता, ते...?"

"नगरची गाडी साडेचारला आहे ना सर," चंद्रात्रे म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं; उलट आवाजात मनापासूनची कृतज्ञता होती. "काम तर बारालाच संपतं. स्टँडवर सावली नाही. तुमचे फार उपकार आहेत."

जेवण झाल्यावर त्यांनी डबा धुतला, टेबलावर आडवे झाले, तोंडावर वर्तमानपत्र घेतलं आणि नेहमीप्रमाणे झोपले. निसळ उठले. पंखा स्वतःच्या खुर्चीकडे वळवावा असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तो चंद्रात्र्यांकडेच राहू दिला. उकाडा होता, आणि दुसऱ्याकडे वळवलेल्या पंख्याचा आवाज तरी दोघांना सारखाच येतो. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागे भिंतीचा जुना रंग चौकोनी उरला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा बराच स्वच्छ. तारखा पाहायला लागतील म्हणून त्यांनी कॅलेंडर उलटं करून पुन्हा टांगायचा प्रयत्न केला, पण मागे तारखा नव्हत्या. मग कात्रीने वरची चित्रं कापली, खालचे महिने तेवढे लावले, आणि शरयूला पत्र लिहायला बसले. 'तुझी तब्येत कशी आहे' एवढं लिहून झाल्यावर पुढे काय विचारायचं ते सुचेना, म्हणून ते तेवढंच पाकिटात घालून टाकलं.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी शरयूचं उत्तर आलं नव्हतं. निसळांनी सकाळीच जादा दूध सांगून ठेवलं होतं. माणूस सावलीसाठी येतो हे कळल्यावरही तो येतोच, आणि आला की झोपतोच, असा नवा हिशेब त्यांनी महिनाभरात मांडला होता, आणि तो त्यांना पहिल्यापेक्षा पक्का वाटत होता. बारा वाजले. एक वाजला. बाहेर बाकावर दोन बायका होत्या. कमरेचं दुखणं कमरेचंच म्हणून सांगून, विश्रांतीचा सल्ला घेऊन, त्या कामावर गेल्या. दोनच्या सुमारास निसळांनी श्रीमंतला विचारलं, "चंद्रात्रे दिसले नाहीत?"

"येऊन गेले की साहेब," श्रीमंत दूध तापवत म्हणाला. "सकाळी सरकारी दवाखान्यात हुते."

"इकडे नाही आले?"

"कसं येत्याल? एक तारखेपास्नं नगरची गाडी दुपारी एकला सुटती."